परिचारिकांचे निव्वळ वेतन आणि आयकर : महाबळेश्वर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

परिचारिकेच्या वेतनपत्रकावरील एकूण रक्कम आणि तिच्या बँक खात्यात प्रत्यक्ष जमा होणारी रक्कम यांत नेहमी अंतर असते. या अंतराचे कारण सर्वसाधारणपणे ‘आयकर’ असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली जिल्ह्यांतील, विशेषतः महाबळेश्वर तालुक्यातील परिचारिकांच्या सेवास्थितीचा संदर्भ घेऊन वित्तीय वर्ष २०२५-२६ च्या करदरांनुसार या समजुतीची तपासणी केली आहे. बहुसंख्य परिचारिकांच्या बाबतीत आयकराचा भार शून्य असतो आणि कपातीचा मोठा वाटा निवृत्तिवेतन किंवा भविष्यनिर्वाह निधीचा असतो. मात्र ज्येष्ठ परिचारिकांच्या वेतनश्रेणीत एक अरुंद टप्पा असा येतो, की जेथे वेतनवाढ मिळूनही निव्वळ उत्पन्न घटते. हा टप्पा ओळखणे आणि योग्य करप्रणालीची निवड करणे यांवर परिचारिकेच्या कुटुंबाचे वार्षिक अंदाजपत्रक अवलंबून असते.

प्रस्तावना

महाबळेश्वर हे पर्यटकांच्या दृष्टीने थंड हवेचे ठिकाण असले, तरी तेथील आरोग्यसेवेच्या दृष्टीने तो एक दुर्गम डोंगराळ तालुका आहे. पावसाळ्यात येथे पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठची तापोळा परिसरातील गावे तालुक्याच्या मुख्य ठिकाणापासून दूर असून काही वस्त्यांपर्यंत होडीनेच जावे लागते. अशा भागात ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे यांचा भार प्रामुख्याने परिचारिका व आरोग्यसेविका यांच्यावर असतो. शेजारी पाचगणी येथे भारतीय रेडक्रॉस सोसायटीचे बेल-एअर रुग्णालय व त्यास संलग्न परिचर्या महाविद्यालय आहे. सांगली जिल्ह्यातील मिरज येथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये स्थापन केलेल्या रुग्णालयामुळे या संपूर्ण प्रदेशात परिचर्या व्यवसायाची दीर्घ परंपरा निर्माण झाली. शासकीय, जिल्हा परिषदेच्या, धर्मादाय, खाजगी व कंत्राटी अशा सर्व प्रकारच्या परिचारिका या दोन जिल्ह्यांत आढळतात. त्यामुळे करविषयक विवेचनासाठी हा प्रदेश उपयुक्त ठरतो.

उद्दिष्टे व गृहीतके

१) परिचारिकेच्या एकूण वेतनातून होणाऱ्या कपातींचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) जुन्या व नव्या करप्रणालीचा निव्वळ वेतनावर होणारा परिणाम उदाहरणांद्वारे दाखविणे.
३) घरभाडे भत्ता, शासकीय निवासस्थान, थकबाकी व कंत्राटी सेवा या बाबींचा करावर होणारा परिणाम तपासणे.

पुढील सर्व उदाहरणे स्पष्टीकरणार्थ असून ती कोणत्याही विशिष्ट व्यक्तीची नाहीत. गणिताच्या सोयीसाठी संपूर्ण वर्षभर मूळ वेतन एकच आणि महागाई भत्ता ५५ टक्के धरला आहे. हा दर राज्य शासनाने १ जानेवारी २०२५ पासून लागू केला. महाबळेश्वरसाठी घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या १० टक्के आणि वाहतूक भत्ता दरमहा १,३५० रुपये धरला आहे. गट विमा वर्गणीसारख्या लहान कपाती वगळल्या आहेत. आयकर अधिनियम, १९६१ ची जागा १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ घेतो. तथापि येथील गणिते २०२५-२६ या वर्षाची असल्याने कलमांचे उल्लेख जुन्या अधिनियमानुसार केले आहेत.

वेतनाची रचना

महाराष्ट्र शासनाने सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू केला व त्याचे सुधारित वेतन नियम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. या नियमांनुसार अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी एस-१३, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४०० रुपये अशी आहे. आरोग्यसेविकेची वेतनश्रेणी एस-८, म्हणजे २५,५०० ते ८१,१०० रुपये अशी आहे. मूळ वेतनावर महागाई भत्ता मिळतो आणि त्याशिवाय घरभाडे व वाहतूक भत्ता देय असतो. या सर्वांची बेरीज म्हणजे एकूण वेतन होय.

एकूण वेतनातून होणाऱ्या कपाती तीन प्रकारच्या असतात. पहिली कपात निवृत्तीसाठीची असते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर शासकीय सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या १० टक्के वर्गणी द्यावी लागते, तर शासन १४ टक्के अंशदान देते. त्यापूर्वी सेवेत आलेल्यांची वर्गणी भविष्यनिर्वाह निधीत जमा होते. दुसरी कपात व्यवसाय कराची असून तो राज्याचा कर आहे. तिसरी कपात आयकराची असून तो केंद्राचा कर आहे. वेतनपत्रकात या तीनही कपाती एकाच रकान्यात मांडल्या जातात. त्यामुळे निवृत्तीची बचतही ‘कर’ म्हणून गणली जाण्याचा संभव असतो. वास्तविक पहिली कपात ही कर्मचाऱ्याचीच भविष्यातील मालमत्ता असते आणि उर्वरित दोन कपाती शासनाकडे कायमच्या जातात.

व्यवसाय कर

महाराष्ट्रात व्यवसाय कर १९७५ च्या अधिनियमाने आकारला जातो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे. म्हणूनच तो अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा कापला जातो. १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या महिलांना या करातून सूट आहे. पुरुषांसाठी हा कर दरमहा ७,५०० रुपयांपुढे सुरू होतो व १०,००० रुपयांपुढे पूर्ण दराने लागतो. परिणामी एखाद्या खाजगी रुग्णालयात २०,००० रुपये वेतन घेणाऱ्या परिचारिकेस व्यवसाय कर लागत नाही. त्याच कक्षात, त्याच वेतनावर काम करणाऱ्या ‘ब्रदर’ला मात्र वर्षाला २,५०० रुपये द्यावे लागतात. शासकीय परिचारिकांचे वेतन या मर्यादेपेक्षा अधिक असल्याने त्यांना सवलतीचा लाभ होत नाही. हा कर जुन्या करप्रणालीत उत्पन्नातून वजा करता येतो, नव्या प्रणालीत येत नाही.

दोन करप्रणाली

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली ही मूलभूत प्रणाली झाली आहे. कर्मचाऱ्याने कार्यालयास वेगळे कळविले नाही, तर त्याचा कर नव्या प्रणालीनेच कापला जातो. २०२५-२६ साठी या प्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, १६ ते २० लाखांवर २० टक्के, २० ते २४ लाखांवर २५ टक्के व त्यापुढे ३० टक्के असे दर आहेत. वेतनदारास ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास कलम ८७अ नुसार ६०,००० रुपयांपर्यंतची करसूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे केवळ वेतनाचे उत्पन्न असणाऱ्यास १२ लाख ७५ हजार रुपयांपर्यंत कर नाही.

जुन्या प्रणालीत २.५ लाखांपर्यंत कर नाही. २.५ ते ५ लाखांवर ५ टक्के, ५ ते १० लाखांवर २० टक्के व त्यापुढे ३० टक्के दर आहे. प्रमाणित वजावट ५०,००० रुपये असून करपात्र उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यासच कर शून्य होतो. मात्र येथे कलम ८०क खालील दीड लाखांची गुंतवणूक, आरोग्य विमा, घरभाडे भत्ता व गृहकर्जाचे व्याज यांच्या सवलती मिळतात. दोन्ही प्रणालींत करावर ४ टक्के उपकर लागतो. थोडक्यात, जुनी प्रणाली बचत व खर्चाच्या पुराव्यांवर सवलत देते, तर नवी प्रणाली पुरावे न मागता दर कमी ठेवते.

उदाहरण पहिले : उपकेंद्रातील आरोग्यसेविका

मूळ वेतन २५,५०० रुपये असल्यास महागाई भत्ता १४,०२५, घरभाडे भत्ता २,५५० व वाहतूक भत्ता १,३५० मिळून एकूण वेतन दरमहा ४३,४२५ रुपये, म्हणजेच वर्षाला ५,२१,१०० रुपये होते. नव्या प्रणालीत प्रमाणित वजावटीनंतर ४,४६,१०० रुपये उरतात व करसुटीमुळे कर शून्य होतो. जुन्या प्रणालीतही प्रमाणित वजावट, व्यवसाय कर व निवृत्तिवेतन वर्गणी वजा जाता उत्पन्न ५ लाखांच्या आत येते व कर शून्यच राहतो. दरमहा सुमारे ३,९५३ रुपये निवृत्तिवेतन वर्गणी व २०० रुपये व्यवसाय कर वजा होऊन तिच्या हाती ३९,२७२ रुपये येतात. येथे आयकराचा निव्वळ वेतनावर काहीही परिणाम होत नाही.

उदाहरण दुसरे : नवनियुक्त अधिपरिचारिका

महाबळेश्वर येथील ग्रामीण रुग्णालयात ३५,४०० रुपये मूळ वेतनावर रुजू होणाऱ्या अधिपरिचारिकेचा महागाई भत्ता १९,४७० रुपये व घरभाडे भत्ता ३,५४० रुपये होतो. वाहतूक भत्त्यासह एकूण वेतन दरमहा ५९,७६० रुपये, म्हणजे वर्षाला ७,१७,१२० रुपये होते. निवृत्तिवेतन वर्गणी दरमहा ५,४८७ रुपये आहे.

नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न ६,४२,१२० रुपये होते. त्यावरील १२,१०६ रुपयांचा कर करसुटीने पूर्णपणे नाहीसा होतो. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट, व्यवसाय कर व वर्षाची ६५,८४४ रुपये वर्गणी वजा केल्यावर करपात्र उत्पन्न ५,९८,७७६ रुपये राहते व उपकरासह ३३,५४५ रुपये कर लागतो. दरमहा हा फरक सुमारे २,८०० रुपयांचा आहे. तो टाळण्यासाठी तिला जुन्या प्रणालीत आणखी सुमारे एक लाख रुपयांची करबचत गुंतवणूक करावी लागेल. नव्याने नोकरीस लागलेल्या, शिक्षणाचे कर्ज फेडणाऱ्या आणि घरी पैसे पाठविणाऱ्या परिचारिकेस हे क्वचितच शक्य असते.

घरभाड्याची सवलत या ठिकाणी पुरेशी ठरत नाही. समजा, तिने महाबळेश्वरात ८,००० रुपये भाड्याची खोली घेतली. कायद्यानुसार मिळालेला भत्ता, वेतनाच्या ४० टक्के रक्कम आणि वेतनाच्या १० टक्क्यांहून अधिक दिलेले भाडे यांपैकी सर्वांत लहान रक्कम करमुक्त असते. येथे ८,००० मधून ५,४८७ वजा जाता केवळ २,५१३ रुपये दरमहा करमुक्त ठरतात. त्यानंतरही जुन्या प्रणालीत कर २७,२७३ रुपये लागतो. पर्यटनामुळे येथील भाडी वाढतात, परंतु भत्ता मात्र लोकसंख्येवर आधारलेल्या वर्गीकरणाने ठरतो, ही या परिसरातील कर्मचाऱ्यांची खरी अडचण आहे. आयकराच्या सवलतीने ती अडचण दूर होत नाही.

नव्या प्रणालीत तिच्या हाती दरमहा ५४,०७३ रुपये येतात. एकूण वेतनातून साडेनऊ टक्के कपात होते व त्यात आयकराचा वाटा शून्य आहे. शासनाचे १४ टक्के अंशदान प्रथम उत्पन्नात मिळविले जाते व नंतर कलम ८०सीसीडी(२) नुसार तेवढेच वजा होते. हे अंशदान वेतन प्रमाणपत्रात दिसत असल्यामुळे त्यातील एकूण रक्कम बँकेतील जमेपेक्षा बरीच मोठी भासते. त्यावरून कराचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

उदाहरण तिसरे : ज्येष्ठ परिचारिका व वेतनवाढीचा टप्पा

आयकराचा खरा परिणाम ज्येष्ठ परिचारिकांच्या बाबतीत दिसून येतो. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या किंचित वर गेल्यास ६०,००० रुपयांची करसूट एकदम नाहीशी होते. हा धक्का सौम्य करण्यासाठी कायद्यात सीमांत सवलतीची तरतूद आहे. तीनुसार १२ लाखांवरील जेवढे अधिक उत्पन्न, त्यापेक्षा अधिक कर आकारता येत नाही. तथापि त्यावर ४ टक्के उपकर लागतोच. याचा अर्थ असा, की या टप्प्यात मिळालेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे १०४ रुपये कर द्यावा लागतो. महाबळेश्वर येथे घरभाडे भत्ता घेणाऱ्या परिचारिकेच्या संदर्भात ही स्थिती पुढील तक्त्यात मांडली आहे.

तक्ता क्र. १ : नव्या प्रणालीतील वेतनवाढ व कर (वार्षिक रक्कम रुपयांत)

| मूळ वेतन (दरमहा) | एकूण वेतन | करपात्र उत्पन्न | कर व उपकर | करोत्तर वेतन |
|---|---|---|---|---|
| ६२,२०० | १२,४७,७६० | ११,७२,७६० | ० | १२,४७,७६० |
| ६४,१०० | १२,८५,३८० | १२,१०,३८० | १०,७९५ | १२,७४,५८५ |
| ६६,००० | १३,२३,००० | १२,४८,००० | ४९,९२० | १२,७३,०८० |
| ६८,००० | १३,६२,६०० | १२,८७,६०० | ७६,०६६ | १२,८६,५३४ |

मूळ वेतन ६४,१०० वरून ६६,००० रुपये झाल्यावर एकूण वेतन वर्षाला ३७,६२० रुपयांनी वाढते, परंतु कर ३९,१२५ रुपयांनी वाढतो. एक वर्षाची सेवा वाढली, वेतनवाढही मिळाली, तरी करोत्तर वेतन १,५०५ रुपयांनी कमी झाले. ६२,२०० ते ६८,००० या तीन वेतनवाढींत एकूण वेतन १,१४,८४० रुपयांनी वाढते व त्यातील केवळ ३८,७७४ रुपये कर्मचाऱ्याकडे राहतात. हा टप्पा करपात्र उत्पन्न सुमारे १२,७०,५८८ रुपये होईपर्यंत टिकतो. त्यापुढे सामान्य दर लागू होतात व वेतनवाढीचा बहुतांश भाग पुन्हा हाती येऊ लागतो.

अशा वेळी जुनी प्रणाली उपयोगी पडेल काय, हा स्वाभाविक प्रश्न आहे. ६६,००० रुपये मूळ वेतन असणाऱ्या परिचारिकेने भविष्यनिर्वाह निधीसह दीड लाखांची बचत, २५,००० रुपयांचा आरोग्य विमा आणि स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील २ लाखांचे व्याज अशा सर्व वजावटी घेतल्या, तरी जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न ८,९५,५०० रुपये व कर ९५,२६४ रुपये येतो. नव्या प्रणालीतील ४९,९२० रुपयांच्या तुलनेत तो जवळजवळ दुप्पट आहे. केवळ कर वाचविण्यासाठी विमा किंवा तत्सम योजना खरेदी करणे अशा परिस्थितीत तोट्याचे ठरते.

शासकीय निवासस्थानाचे गणित

रुग्णालयाच्या आवारातील निवासस्थान स्वीकारल्यास घरभाडे भत्ता मिळत नाही. म्हणून अनेकदा निवासस्थान नाकारण्याकडे कल असतो. वरील ६६,००० रुपये मूळ वेतनाच्या उदाहरणात भत्ता वर्षाला ७९,२०० रुपये आहे. निवासस्थान घेतल्यास एकूण वेतन १२,४३,८०० व करपात्र उत्पन्न ११,६८,८०० रुपये होऊन कर शून्य होतो. शासकीय निवासस्थानाचे करविषयक मूल्य शासनाने ठरविलेल्या अनुज्ञप्ती शुल्कापुरतेच धरले जाते व कर्मचारी ते शुल्क भरत असल्यास करपात्र लाभ उरत नाही. म्हणजे ७९,२०० रुपयांचा भत्ता सोडून ४९,९२० रुपयांचा कर वाचतो. निवासस्थानाची प्रत्यक्ष किंमत वर्षाला २९,२८० रुपये, म्हणजे दरमहा २,४४० रुपये व अनुज्ञप्ती शुल्क एवढीच पडते. महाबळेश्वरातील भाडे पाहता हा व्यवहार लाभदायक ठरू शकतो. मात्र कमी वेतनाच्या परिचारिकेस मुळातच कर नसल्याने तिला हा करलाभ मिळत नाही. तिने निर्णय केवळ भाड्याच्या तुलनेवर घ्यावा लागतो.

बदली व घरभाडे भत्ता

सातारा-सांगली परिसरात बदली झाल्यावर त्याच मूळ वेतनावरही करस्थिती पालटू शकते. शहरांच्या वर्गीकरणात सांगली नागरी समूह ‘वाय’ गटात मोडतो व तेथे घरभाडे भत्त्याचा दर २० टक्के आहे. ६०,४०० रुपये मूळ वेतनाच्या परिचारिकेचे महाबळेश्वरातील एकूण वार्षिक वेतन १२,१२,१२० रुपये असून तिला कर नाही. तीच परिचारिका मिरजेच्या शासकीय रुग्णालयात गेल्यास वेतन १२,८४,६०० रुपये होते व ९,९८४ रुपये कर लागतो. तरीही तिला वर्षाला ६२,४९६ रुपये अधिक मिळतात. ‘कर लागू झाला’ म्हणजे नुकसान झाले असे नव्हे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. नुकसान होते ते केवळ वर वर्णिलेल्या अरुंद टप्प्याच्या आत वेतन वाढल्यास.

थकबाकी आणि मासिक करकपात

महागाई भत्त्याचे निर्णय बहुधा मागील तारखेपासून लागू होतात. १ जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के दर राज्यात ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाला. त्यामुळे जानेवारी ते मार्च २०२५ ची थकबाकी पुढील वित्तीय वर्षाच्या उत्पन्नात मिळविली गेली. १२ लाखांच्या सीमेवरील परिचारिकेची अशी थकबाकी पूर्णपणे करात जाण्याचा संभव असतो. यावर कलम ८९ चा उपाय आहे. थकबाकी ज्या वर्षाची, त्या वर्षात ती मिळाली असती तर किती कर लागला असता, याची तुलना करून अधिकचा कर माफ केला जातो. ही सवलत नव्या प्रणालीतही मिळते. तथापि त्यासाठी विवरणपत्रापूर्वी नमुना १०ई ऑनलाइन भरणे आवश्यक असते. तो न भरल्यास सवलत नामंजूर होते.

वेतनातून करकपात करण्याची जबाबदारी कलम १९२ नुसार आहरण व संवितरण अधिकाऱ्यावर असते. वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावरील कर बारा महिन्यांत समान विभागणे अपेक्षित आहे. कर्मचाऱ्याने प्रणालीची निवड व माहिती उशिरा दिल्यास उर्वरित कर जानेवारी-फेब्रुवारीत एकदम कापला जातो. फेब्रुवारीचे वेतन तुटपुंजे येण्याचे हेच कारण असते. वर्षाचा कर तेवढाच असतो, परंतु मुलांचे शुल्क व कर्जाचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबास त्या दोन महिन्यांत ओढाताण सोसावी लागते.

खाजगी व कंत्राटी परिचारिका

खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्देशानंतर केंद्र सरकारने समिती नेमली. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन असावे आणि ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयातही ते २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे, अशी शिफारस समितीने केली. २०,००० रुपये वेतनावर आयकराचा प्रश्नच उद्भवत नाही. १५,००० रुपयांच्या मर्यादेवर भविष्यनिर्वाह निधीची १२ टक्के वर्गणी १,८०० रुपये व कर्मचारी राज्य विमा योजनेची ०.७५ टक्के वर्गणी १५० रुपये वजा होऊन परिचारिकेच्या हाती १८,०५० रुपये येतात. येथे निव्वळ वेतन कमी असण्याचे कारण कर हे नसून मूळ वेतनच अपुरे असणे हे आहे. आयकर सवलतीची मर्यादा कितीही वाढविली, तरी या गटाच्या हाती एक रुपयाही अधिक येत नाही.

कंत्राटी परिचारिकांची अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. त्यांच्या मानधनास ‘वेतन’ न मानता ‘व्यावसायिक शुल्क’ मानले गेल्यास कलम १९४ज नुसार १० टक्के कर उगमस्थानीच कापला जातो. २०२५-२६ पासून त्यासाठीची वार्षिक मर्यादा ५०,००० रुपये आहे. दरमहा २५,००० रुपये मानधन असल्यास वर्षाला ३०,००० रुपये कापले जातात, वास्तविक तिचा एकूण कर शून्य असतो. ही रक्कम विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. पॅन क्रमांक न दिल्यास कपातीचा दर २० टक्के होतो. म्हणूनच ‘माझे उत्पन्न करपात्र नाही, मग विवरणपत्र कशाला’ हा समज या गटास सर्वाधिक महागात पडतो. कापलेला कर नमुना २६एएस मध्ये तपासणे आणि आवश्यक तेथे कलम १९७ नुसार कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र मागणे, हे दोन उपाय उपलब्ध आहेत.

परदेशातील स्थितीशी तुलना

या भागातून परदेशी जाणाऱ्या परिचारिकांसमोर निव्वळ वेतनाचा प्रश्न अधिक ठळकपणे उभा राहतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत २०२५-२६ मध्ये नवीन परिचारिकेचे वार्षिक वेतन ३१,०४९ पौंड होते. १२,५७० पौंडांपुढील रकमेवर २० टक्के आयकर व ८ टक्के राष्ट्रीय विमा वर्गणी धरल्यास, निवृत्तिवेतन वर्गणी विचारात न घेता, सुमारे ५,१७४ पौंड, म्हणजे वेतनाचा सहावा हिस्सा कापला जातो. तेथे नव्या परिचारिकेसही कर भरावा लागतो, भारतात तो लागत नाही. याउलट संयुक्त अरब अमिरात व सौदी अरेबिया येथे वेतनावर आयकर नाही. परदेशी वेतनाचा आकडा भारतीय रुपयांत रूपांतरित करताना ही कपात व तेथील भाडे यांचा विचार न केल्यास अपेक्षाभंग होतो.

निष्कर्ष

१) आरोग्यसेविका, नवनियुक्त अधिपरिचारिका व खाजगी रुग्णालयांतील बहुसंख्य परिचारिका यांच्या निव्वळ वेतनावर नव्या प्रणालीत आयकराचा परिणाम होत नाही. त्यांच्या वेतनातील मुख्य कपात निवृत्तीसाठीची बचत असते.
२) नवनियुक्त परिचारिकेने पुरेशी गुंतवणूक नसताना जुनी प्रणाली निवडल्यास वर्षाला ३३ हजारांहून अधिक रुपयांचे टाळता येण्याजोगे नुकसान होते.
३) करपात्र उत्पन्न १२ लाख ते सुमारे १२ लाख ७० हजार या टप्प्यात वेतनवाढ, थकबाकी किंवा भत्ता यांचा लाभ जवळजवळ पूर्णपणे करात जातो व उपकरामुळे निव्वळ उत्पन्न किंचित घटते.
४) याच टप्प्यात शासकीय निवासस्थान स्वीकारणे लाभदायक ठरू शकते.
५) कंत्राटी परिचारिकांवर कराचा अंतिम भार नसला, तरी उगमस्थानी होणाऱ्या कपातीमुळे त्यांची रक्कम वर्षभर अडकून पडते.

सूचना

परिचारिकेने दरवर्षी एप्रिल महिन्यातच दोन्ही प्रणालींनुसार कराचा अंदाज काढून कार्यालयास लेखी निवड कळवावी. वेतनाव्यतिरिक्त बँक ठेवींचे व्याज असल्यास तेही अंदाजात धरावे, कारण सीमेवरील उत्पन्नात ते निर्णायक ठरते. मूलभूत सूट मर्यादेपेक्षा उत्पन्न अधिक असल्यास कर शून्य असतानाही विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे, आणि जुनी प्रणाली हवी असल्यास ते मुदतीतच भरावे लागते. रुग्णालय प्रशासनाने वर्षारंभी करविषयक मार्गदर्शनाचे एखादे सत्र घेतल्यास फेब्रुवारीतील एकरकमी कपात टळू शकेल. परिचर्या महाविद्यालयांच्या अंतिम वर्षात वेतनपत्रक वाचण्याचे प्रात्यक्षिक समाविष्ट करणेही उपयुक्त ठरेल.

समारोप

परिचारिकेच्या श्रमाचे मोल तिच्या हाती पडणाऱ्या रकमेवरून ठरत नाही हे खरे असले, तरी तिच्या घराचा संसार त्याच रकमेवर चालतो. आयकराविषयीची अपुरी माहिती तिला दोन प्रकारे बाधक ठरते. जो कर लागत नाही त्याच्या धास्तीने ती अनावश्यक योजनांत पैसे गुंतविते, आणि जो कर टाळता येतो तो नकळत भरते. वेतनातील कोणती कपात बचत आहे, कोणती कर आहे आणि कोणती परत मिळू शकते, हे कळणे ही तिच्या आर्थिक स्वावलंबनाची पहिली पायरी होय.